मॅडम आणि मुळाची मासळी

"माशाचं विचारा, सांगते. माणसाचं नका विचारू," असं म्हणून मॅडम अंगठ्याचं नख कुरतडायच्या.

मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत मी माशांच्या टाक्या धुवायचो. मी चौथी पास. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, माशांच्या किडनीवर संशोधन करायच्या. बोटाच्या पेराएवढे पट्टेवाले मासे. तुम्ही बघायला हवं होतं, घरात पोर तापानं फणफणल्यासारखा चेहरा करून त्या टाकीसमोर उभ्या.

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. म्हणून मी विचारत सुटायचो. एकदा मॅडम म्हणाल्या, "काका, माशाची किडनी बिघडली तर ती परत भरून येते. आत मूळपेशी असतात ना, त्यांच्यातून रक्त गाळायच्या नव्या चाळण्या तयार होतात."

पेशी मला कळली नाही. मूळ कळलं. मूळ म्हणजे उगाळून नाहीतर शिजवून पोटात घ्यायचं, एवढंच मला ठाऊक.

शनिवारी अकरा मासे डब्यात घालून घरी नेले, तळले.

ताट हिच्यापुढं ठेवतोय तोच मॅडम भांडुपच्या आमच्या चाळीत हजर. प्रयोगशाळेच्या वॉचमननं डबा बघून त्यांना सांगितलं होतं. पांढरा कोट तसाच अंगावर, धाप लागलेली.

"काकूंनी खाल्ले? काका, बोला ना! अहो, त्या माशांना किडनी मारायचं औषध टोचलंय!"

ही म्हणाली, "कसले मासे? नुसते काटे. ह्यांना मासळी घेता येत नाही बाई, चाळीस वर्षं सांगते. हातसुद्धा लावला नाही मी."

मॅडम खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

"रडतेस काय गं? ते मासे बरे होणार होते ना?" हिनं विचारलं.

"हो."

"आणि मी?"

मॅडमनी सुयांनी गाठाळलेला हिचा हात नुसता धरून ठेवला.

माझी चोरी त्यांनी वर सांगितली नाही. कित्येक महिन्यांचं काम पहिल्यापासून मांडलं. बुधवारी डायलिसिसला येऊन हिच्याजवळ बसायच्या. "झाली का गं किडनी?" ही विचारायची. "अजून नाही, काकू." "मग इथं काय बसलीस? जा, कामाला लाग." दोघी हसायच्या. मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

दिवाळीआधी ही गेली. तेराव्याला मॅडम आल्या, पण दारातच थांबल्या.

"आत या," मी म्हटलं.

"नको काका. काकू विचारतील."

जिना उतरून गेल्या. वरून बघितलं, तर खालच्या पाण्याच्या टाकीला कपाळ टेकून उभ्या होत्या. मी खाली गेलो नाही. जायला हवं होतं. टाक्या धुवायला मी परत गेलो नाही; त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.