पोचा आत गेलेला होता

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. गाडीच्या मागच्या दाराला पोचा पडला आणि तो माझ्या आमटीच्या पातेल्याने पाडला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी म्हटलं, अहो, पातेलं गाडीच्या आत होतं. आतून धक्का बसला तर पत्रा बाहेर येईल. हा तर आत गेलाय. समोर एक पीएचडी, एक बँकेचा साहेब आणि एक कम्प्युटरवाला उभे होते. एकानेही वाकून बघितलं नाही. मी चौथी शिकलेली. माझ्या बोलण्यात विज्ञान कुठून येणार?

एक गाडी चार घरांनी चालवली की किस्से शोधायला लागत नाहीत. सीटखाली चिवडा साठतो तसे साठतात. झटकले की निघतातच.

टोकियोच्या एदोगावा भागातली आमची बिल्डिंग. आमचे हे हॉटेलात कुक, मी घरी डबे करते. रविवारी कावासाकी आणि योकोहामाच्या एकट्या राहणाऱ्या पोरांना जेवण पोचवायचं ते या गाडीतून. जुनी पांढरी व्हॅन, बँकेतल्या जोगळेकर साहेबांच्या नावावर. इन्शुरन्सही त्यांचा. चालवायला मात्र सगळे पाळीपाळीने. मला गाडी येत नाही, मी शेजारी बसून पातेलं धरते.

* * *

इन्शुरन्सची बाई सातो-सान. साठीची, पावसातसुद्धा सायकलवर येणारी. पहिल्यांदा आली तेव्हा साहेबांकडे कोणी नव्हतं, म्हणून माझ्या स्वयंपाकघरात बसली. थालीपीठ खाल्लं आणि मला जिन्यात घेऊन गेली.

म्हणाली, हा जिना वीस पायऱ्यांचा समजा. तुम्ही सहाव्या पायरीवर उभ्या. वर्षभर अपघात नाही, एक पायरी वर. स्वतः चढून दाखवली. अपघात झाला आणि कंपनीकडे भरपाई मागितली, की तीन पायऱ्या खाली. त्याही उतरून दाखवल्या. जितकं खाली, तितका हप्ता मोठा. पण साहेबांनी वेगळं कलम घेतलंय. पहिला अपघात माफ, पायरी सुटणार नाही. मग एक बोट वर करून म्हणाली, "एकदाच. माणसाला नाही, गाडीला."

आणि ही माफीही कंपन्या आता बंद करणार आहेत, हेही सांगून गेली. बघा, या देशात माणूस धक्का लागायच्या आधीच माफी मागतो. द्यायची वेळ आली की कलम बंद.

* * *

हे मी सगळ्यांना सांगितलं. मिलिंद कावासाकीला आयटीत आहे, तो हसला. म्हणाला, "काकू, माफी पर ड्रायव्हर असते, लॉजिकल आहे." आणि त्याने एक्सेल शीट केली. डावीकडे नावं, पुढे रकाना: माफी शिल्लक की वापरली. मग: चूक कोणाची. चार नावांपुढे चार हिरव्या खुणा. त्या खुणा बघून सगळे असे निर्धास्त झाले की काय सांगू. आनंद तर वळणावर ब्रेक लावायचाच बंद झाला. "माझी एक शिल्लक आहे," म्हणायचा.

जोगळेकर साहेबांनी शीटच्या खाली नियम लिहवून घेतला. माफी जो खाईल, तो गाडीतून बाहेर. नियम साहेबांचाच, हे लक्षात ठेवा.

* * *

आनंद म्हणजे आमचा पीएचडी. युनिव्हर्सिटीत कसल्यातरी धातूवर संशोधन करतो. अकरा सालच्या मोठ्या भूकंपानंतरच्या त्या महिन्यांत जमीन सारखी हलायची, आणि त्याने पार्किंगच्या खांबाला गाडी घासली.

वर येऊन मला सांगतो, "काकू, आफ्टरशॉक आला. गाडी नाही हलली, खांब हलला."

सातो-सानलाही हेच सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, भूकंपाचं नुकसान या इन्शुरन्समध्ये बसतच नाही. खांब भूकंपाने हलला असेल, तर कंपनी काही देणार नाही.

आनंदने विचार केला. संशोधक माणूस, पुरावा बदलला की मत बदलतो. म्हणाला, "तसा फार मोठा नव्हता. कदाचित नव्हताच."

मग भरपाईच मागितली नाही. घरच्या घरी रंग लावला, तोही चुकीचा पांढरा. अजून दिसतो.

* * *

मिलिंदने कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांची फुलांची कुंडी फोडली. इंटरनेटवर वाचून आला की अपघात झाला तर सॉरी म्हणायचं नाही, म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. कुठल्या देशाचं वाचलं, देव जाणे. इथे मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला दारात जायची पद्धत. हा तोंड शिवून घरात बसला.

मी बेसनाचे लाडू केले, त्याचा दंड धरला आणि आजोबांच्या दारात उभा केला. वाक म्हटलं. वाकला. आजोबांनी लाडू ठेवून घेतले. चार दिवसांनी डबा परत आणून दिला, त्यात मुळ्याचं लोणचं, आणि मला विचारलं, "दुसरी कुंडी कधी फोडणार?"

* * *

आता पेंडसे. चौथं घर त्यांचं. भूकंपानंतर आठ दिवसांत बायकामुलांसह पुण्याला गेले ते परत आलेच नाहीत. राइस कुकर आणि चपला तेवढ्या इथे राहिल्या. आणि सगळ्यांची सोय झाली. डॅशबोर्डवरचा चहाचा डाग, पेंडसे. सीटचं तुटलेलं हँडल, पेंडसे. पार्किंगमध्ये कोणाचा आरसा वाकडा झाला, तोसुद्धा पेंडसे. गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही.

पण दाराला पोचा पडला तेव्हा पेंडसे जाऊन चार महिने झाले होते. म्हणून मी सापडले.

साहेबांनी दार गुपचूप दुरुस्त करून आणलं आणि मीटिंगमध्ये जाहीर केलं, की काकूंच्या पातेल्यापायी माफी वापरावी लागली. मिलिंदने शीटमध्ये माझ्यासाठी नवी ओळ घातली, लाल. गाडी न चालवणारी मी, आणि गाडीतून बाहेर मीच. त्यानंतर चार रविवार मी डबे ट्रेनने नेले. दोन हातांत पिशव्या, पाठीवर पातेलं, दर स्टेशनला "सुमिमासेन, सुमिमासेन", माफ करा, माफ करा. आमटीच्या वासाने एक बाई डबा बदलून गेली. योकोहामाची पोरं तर मी सोडूनच दिली, हातच पुरेनात. आणखी महिन्याभरात रविवारचं काम बंद पडलं असतं.

* * *

पाचव्या रविवारी आनंदने योकोहामात मागे घेताना गाडी भिंतीवर घातली. या वेळी भूकंप नव्हता. पण तो खुशीत. म्हणाला, "काकूंची माफी गेली, माझी आहे ना."

सातो-सान आली. साहेबांच्या घरी सगळे जमलो, चहा माझा. ती म्हणाली, या गाडीला माफी एकच होती आणि ती वापरून झाली. आता तीन पायऱ्या खाली.

"सांगितलं होतं ना, काकूंचं पातेलं," साहेब म्हणाले.

सातो-सानला मराठी कळत नाही. तिने आपली फाइल उघडली आणि दाराच्या भरपाईसाठी तेव्हा भरलेला कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी त्यावर आपला वाचायचा पेपर ठेवला. मी कप उचलायच्या निमित्ताने पेपरही उचलला.

मला कांजी, म्हणजे इथली चित्रलिपी, येत नाही. पण आपली नावं इथे काताकानात, परदेशी शब्दांच्या सोप्या लिपीत लिहितात, आणि काताकाना मी दाराबाहेरच्या पाट्या वाचत डबे वाटून शिकले. चालकाच्या जागी जोगळेकर. खाली साहेबांच्या हातचं चित्र. एक गाडी, गाडीच्या बाहेर एक खांब, आणि गाडीकडून खांबाकडे बाण. पातेल्याचं चित्र कुठेही नव्हतं.

मी कागद सगळ्यांना फिरवून दाखवला. आनंदने पहिल्यांदा वाकून बघितलं.

साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "गाडी मागे घेत होतो आणि नेमका पुण्याहून पेंडशांचा फोन आला. राइस कुकर पाठवा म्हणून. मी उचलला नाही हं. पण वाजला ना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मिलिंदने लॅपटॉप उघडला आणि विचारलं, आता रकान्यात काय घालू?

मी म्हटलं, काय घालायचं ते घाल, आधी माझी पातेली गाडीत चढव. तो उठला, पातेली चढवून आला, दार नीट लावलं, हात धुतले आणि टाइप करायला बसला. ती शीट अजून आहे. माझी लाल ओळ पुसलेली. साहेबांच्या नावापुढे, माफी: वापरली. चूक कोणाची: पेंडसे.