अक्कांना माहीत होतं

मला एचआयव्ही आहे.

हे वाचून तुम्हाला जेवढा धक्का बसला असेल, त्याहून मोठा काल मला बसला.

काल सकाळी आमच्या अक्का गेल्या. माझ्या सासूबाई. चामराजपेटमधली अख्खी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची.

भाजी निवडता निवडता भिंतीला टेकल्या. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

स्मशानातून आल्यावर माझा नवरा किरण जवळ येऊन बसला.
"अश्विनी, आईला आपलं माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. ईशाच्या बारशाच्या आदल्या दिवसापासून."

आठ वर्षं!

प्रेग्नन्सीतल्या ब्लड टेस्टमध्ये कळलं होतं. आम्हा दोघांनाही आहे. घरी सांगायचं नाही असं ठरलं. माझ्या गोळ्या मी कॅल्शियमच्या बाटलीत ठेवायचे. ईशाला लागण होऊ नये म्हणून दिलेलं औषध म्हणजे "व्हिटॅमिन".

डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळ्या चुकवायच्या नाहीत. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. दूध आणि वरचं असं दोन्ही दिलं तर बाळाला धोका वाढतो."

आणि या घरात तर प्रत्येक बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवलेला!

मी नको म्हटलं की टोमणे. पुण्याची सून, फार शिकलेली.
सगळ्यात जास्त आग्रह अक्कांचाच होता.

बारशाच्या दिवशी किरणच्या आत्या वाटीत मध घेऊन पाळण्यापाशी आल्या. नको म्हणायला कारण काय सांगणार?

तेवढ्यात अक्कांनी वाटी काढून घेतली.
"नको. माझ्या नातीला कुणी काही चाटवायचं नाही."

"अगं, आपल्यात करतातच की!"

"करत असतील. मला नको आहे. सरी, बरं, पानं मांडा आता."

आत्या न जेवता निघून गेल्या. दोन वर्षं अक्कांशी बोलल्या नाहीत.

मला वाटलं, काय हेकट बाई आहे! आणि मनात म्हटलं, सुटले.

साधं थँक यूसुद्धा म्हटलं नाही मी.

बारशाच्या आदल्या दिवशी अक्का गुटी उगाळायला बसल्या होत्या. त्यांना थांबवायला किरणला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने खरं सांगून टाकलं. त्यांनी सहाण धुऊन ठेवली म्हणे. मग म्हणाल्या, "मला कळलंय हे अश्विनीला सांगू नकोस. तिला या घरात घास गिळवणार नाही."

रोज सकाळी हाक यायची, "अश्विनी, कॅल्शियम घेतलंस?"
मी मनात चिडायचे. एवढी कसली चौकशी!

ईशा दीड वर्षाची झाल्यावर शेवटची टेस्ट झाली. निगेटिव्ह. लस द्यायला गेले होते, असं मी घरी सांगितलं. त्या दिवशी अक्कांनी होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या होत्या.
"आज काय विशेष, अक्का?"
"काही नाही गं. डाळ स्वल्प जास्त भिजली."

किरणने त्यांना आधीच फोन केला होता. हेही कालच कळलं.

मला रडू येत नाहीये. किरणचा राग येतोय, की त्याने मला सांगितलं नाही. माझा स्वतःचा त्याहून जास्त येतोय.

किरणला विचारूनच हे लिहितेय. जिच्यापासून लपवत होते, तिनेच मला सांभाळलं. आता बाकीच्यांपासून काय लपवू?

अक्का, एकदा तुमच्यासमोर बसून मोकळं बोलायला हवं होतं. राहून गेलं.

नमस्कार करते.