मोठा काटा बंद आहे

तीन छोट्या तबकड्यांच्या घड्याळावर बोट ठेवून गिऱ्हाईक "हे दाखवा" म्हणालं, की काउंटरमागचा माणूस कपाटाला हात लावण्याआधी विचारायचा, "काय मोजणार?" म्हणून दुकानात त्याचं नाव मोजणीमास्तर पडलं. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवायचं.

गिऱ्हाईक गोंधळायचं. काय मोजणार म्हणजे? वेळ बघणार! मग मास्तर सुरू व्हायचे. वेळ बघायला साधं घड्याळ पुरतं. हा क्रोनोग्राफ. यात वेळ दाखवणारं वेगळं आणि मोजणारं वेगळं, एका घरात दोन भावांनी वेगळी चूल मांडावी तसं. वरचं बटण दाबलं की मोजणी सुरू, पुन्हा दाबलं की बंद, खालचं दाबलं की काटा शून्यावर. आणि मधला तो लांबलचक सेकंदाचा काटा एरवी बारावर गप्प उभा असतो. तो बिघडलेला नसतो. घड्याळ चालू आहे का, ते खालच्या छोट्या तबकडीत बघायचं. हे शेवटचं मास्तर दोनदा सांगत, कारण ज्याला सांगायचं राहिलं ते गिऱ्हाईक हमखास परत येई आणि काउंटरवर घड्याळ आपटून ओरडे, "मोठा काटा बंद आहे!"

सगळ्यात जास्त खपायची ती कडेला वेगाचे आकडे असलेली. ठरलेलं अंतर कापायला लागलेल्या वेळावरून ताशी वेग सांगणारी. घेणारे मात्र सगळे सिग्नलला ताटकळणारे. ज्यांना आयुष्यात काही मोजायचं नाही, त्यांना मोजायची यंत्रं विकण्यात आपली हयात चालली, याची मास्तरांना चीड यायची.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरात? घरात सगळा दुकानातला उतरलेला माल. भिंतीवरच्या घड्याळाचा एक कोपरा चेपलेला. गजराच्या घड्याळाचा गजर मनाला येईल तेव्हा वाजणारा. लेकीच्या शाळेच्या पहिल्या घड्याळाचा पट्टा दुसऱ्याच घड्याळाचा. मालक असलं काही टाकायला काढत आणि मास्तर ते फडक्याने पुसून घरी आणत. प्रत्येक वेळी ठरलेलं वाक्य, "अगदी नवं आहे, पेटीतून काढलंय!" लेक लहान होती तोवर टाळ्या वाजवायची. मोठी झाल्यावर नुसतं "हो बाबा" म्हणायची. हा फरक मास्तरांच्या कधी कानावर पडला नाही.

लेक नर्स झाली, मोठ्या इस्पितळात लागली आणि तिथल्याच वसतिगृहात राहायला गेली. मास्तरांना जन्मात पहिल्यांदा असं गिऱ्हाईक मिळालं, ज्याला खरोखर काही मोजायचं होतं. कडेला नाडीचे आकडे असलेलं घड्याळ दुकानात क्वचितच येई. बटण दाबायचं, नाडीचे पंधरा ठोके मोजायचे, पुन्हा दाबायचं. काटा थांबेल तो आकडा म्हणजे मिनिटाचे ठोके. मास्तरांनी मुद्दाम ते मागवलं. मालक म्हणाले, "काचेत मांडलेला एखादा नग घे की, स्वस्तात देतो." मास्तर पहिल्यांदाच मालकांना नाही म्हणाले. लेकीला एकदा तरी बापाच्या हातून कोरं काहीतरी मिळायला हवं होतं. बाकी काही नको होतं त्यांना.

पण हाताची सवय जाते कुठे? गिऱ्हाईकाला करून देत तसंच त्यांनी सगळं केलं. काचेवरचं पातळ प्लास्टिक सोलून काढलं, वेळ लावली, लेकीच्या जुन्या घड्याळाच्या मापाने पट्ट्याच्या कड्या काढून टाकल्या, मऊ कापडाने पुसपुसून चकचकीत केलं. नवेपणाच्या सगळ्या खुणा त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसल्या.

रविवारी लेक आली तेव्हा त्यांनी डबा पुढे केला. "अगदी नवं आहे, पेटीतून काढलंय!" लेकीने घड्याळ मनगटावर चढवलं. मास्तरांनी घसा खाकरला, "आता हे बघ, यातला मधला काटा..."

"बाबा, दुकानातलं भाषण घरी नको हं," ती हसत म्हणाली. "मला कळतं घड्याळ."

बायकोही हसली. मास्तरांनी भाषण आवरतं घेतलं. शिकलेली पोर आहे, डब्यात पुस्तिका आहे, वाचेल, असं त्यांना वाटलं.

पुढे दर रविवारी ते विचारत, "घड्याळ कसं चालतंय?"

"छान," लेक म्हणे. "ड्युटीवर खराब होईल म्हणून जपून ठेवलंय." मास्तरांना त्याचंही कौतुक.

एका दुपारी दुकानात एक बाई आली. इस्पितळात आया होती. तिने पिशवीतून डबा काढला. "डब्यावर तुमच्या दुकानाचं नाव आहे म्हणून आले. हे दुरुस्त होईल का? मोठा काटा बंद आहे."

नाडीचे आकडे असलेलं ते घड्याळ दुकानातून एकच गेलं होतं. पट्ट्याच्या कड्या मास्तरांनी स्वतः काढल्या होत्या. तरीही त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुणी दिलं?"

"आमच्या सिस्टरनी. त्यांचे वडील कुठेतरी कामाला आहेत, तिथला टाकाऊ माल घरी आणतात म्हणे. लहानपणापासून तेच. पण सिस्टर फार चांगल्या हो. म्हणाल्या, बाबांना सांगवत नाही, त्यांना वाईट वाटेल. तुम्हाला दुरुस्त करून वापरता आलं तर बघा."

मास्तरांनी वरचं बटण दाबलं. लांब काटा बारावरून सुटला आणि गोल फिरू लागला. बाईचा चेहरा फुलला. मास्तर बोलत राहिले. वरचं बटण, खालचं बटण, नाडी. "मला कशाला नाडी?" बाई म्हणाली. "वेळ कळली म्हणजे झालं. हे वापरलेलं असेल ना?"

"अगदी नवं आहे," मास्तर म्हणाले. "पेटीतून काढलंय."

"सगळे दुकानदार असंच म्हणतात," बाई हसली आणि घड्याळ घालून निघून गेली.

रविवारी लेक आली. मास्तरांनी सांगायचं ठरवलं होतं. ते घड्याळ बिघडलेलं नव्हतं, टाकाऊ नव्हतं, तुझ्यासाठी मुद्दाम मागवलेलं होतं. पण तोंड उघडलं आणि त्यांना कळलं, हे सांगायला आपल्याकडे एकच वाक्य आहे आणि ते या घरात फार वेळा वापरून झालंय. म्हणून नेहमीचंच विचारलं, "घड्याळ कसं चालतंय?"

लेकीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. प्रेमाने खोटं बोलणं तिलाही इथेच शिकायला मिळालं होतं.

"अगदी नव्यासारखं, बाबा," ती म्हणाली.