नऊ मिनिटांची बढत

बढत हा शब्द आधी नीट समजून घ्यावा, कारण पुढचे सगळे वाद त्याच्यावरून झाले आहेत. ख्यालात राग एकदम मांडून मोकळे होत नाहीत. एकेक स्वर घ्यायचा, त्याला त्याचा वेळ द्यायचा, आणि वरचा षड्ज लावायचा तो ऐकणाऱ्याचा जीव त्याच्यासाठी कासावीस झाल्यावरच. अशा क्रमाने चढत जाण्याला बढत म्हणतात. बढत म्हणजे वेग नव्हे. बढत म्हणजे गोंगाटही नव्हे. गेली पंचवीस वर्षे मी हे वसईपासून विरारपर्यंत लोकांना सांगत आलो आहे, आणि लोक माना डोलावून आवाज वाढवत आले आहेत.

मी गाणे शिकलो गुरुजींकडे आणि ट्रान्स, म्हणजे यंत्रावरचे ठोक्याचे नाचसंगीत, ऐकू लागलो नितीनकडे. नितीन वसईजवळच्या निर्मळ गावचा वाडवळ; केळीची वाडी सांभाळून संगणकावर स्वतःच्या ट्रान्स रचना करणारा. आमच्यातला तिसरा डेनिस, वसईत स्पीकर आणि बाकीची ध्वनियंत्रणा भाड्याने देणारा. जुन्या ट्रान्सला बढत होती आणि नव्याने ती गमावली, यावर आम्हा तिघांचे एकमत आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्याशी आमचे जे जे झाले त्याचे किस्से इतके साठले आहेत, की आम्ही भेटलो की नवे काही बोलायला सवडच मिळत नाही.

*

गुरुजींना मी पहिल्यांदा हे संगीत, नितीनचीच एक रचना, ऐकवले, तेव्हा हाकलून देतील याची तयारी ठेवूनच गेलो होतो. डॉक्टरांची नळी लावावी तसा त्यांनी हेडफोन लावला आणि साडेआठ मिनिटे गुडघ्यावर ताल धरून ऐकले.

“समेवर बरोबर येतो,” हेडफोन काढत ते म्हणाले. “घाई नाही. स्वर पक्के आहेत, पण ते यंत्राचे, त्यात याचं कौतुक नाही.”

“एकूण कसं वाटलं, गुरुजी?”

“बरा आहे. पण याची घरी कुणी वाट पाहत नसावं.”

हे मी नितीनला जसेच्या तसे सांगितले. तो तेव्हा पाच महिने एकाच रचनेवर बसला होता. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, “गुरुजींना सांगा, वाट बघतात. पण हल्ली जेवण झाकून ठेवून बघतात.”

*

डेनिस पूर्वी दुकानात सीडीही विकत असे. भिंतीवर लाकडी खण, आणि प्रत्येक खणावर शैलीचे नाव: गोवा ट्रान्स, प्रोग्रेसिव्ह, अपलिफ्टिंग. दर हंगामात बाहेरून नवे नाव येई आणि गिऱ्हाईक तेच मागे. एका सकाळी बऱ्याच दिवसांनी गेलो, तर सगळ्या खणांवर नव्या चिठ्ठ्या. आतल्या सीडी मात्र जागच्या हललेल्या नाहीत.

“डेनिस, ही फसवणूक आहे.”

“मास्तर, सीडीवर मी कुठं काय लिवलं? खण माझा हाय.”

मी संतापून निघणार, तोच बोळिंजचा एक तरुण आत आला. आठवड्यापूर्वी नेलेली सीडी त्याच्या हातात होती. म्हणाला, “हा नवा ट्रान्स एक नंबर. याच्याआधी तुम्ही दिवाळीत दिलेला तो जुना होता ना, तो ऐकवत नव्हता.”

दिवाळीत त्याने नेलेली सीडी हीच होती. डेनिसने माझ्याकडे पाहिले नाही. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

*

बोळिंजला आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा सकाळचा योगवर्ग चालतो. तो चालवणारे अशोकराव एकदा मला म्हणाले, “तुमच्याकडे ते ट्रान्स असतं ना, ध्यानाचं?”

मी त्यांना पंधरा मिनिटे समजावले. ट्रान्स ही अवस्था वेगळी, ट्रान्स नावाची शैली वेगळी. त्या शैलीला कशा फांद्या फुटल्या, एक फांदी कशी वेगाच्या मागे लागली, दुसरीने गोडवा कसा पातळ केला, तिसरी कशी नुसत्या धक्क्यांवर जगू लागली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“त्यातलं साधं द्या,” ते म्हणाले.

नितीनने मुद्दाम सगळ्यात भरधाव पाठवले, मिनिटाला एकशे पंचेचाळीस ठोके. दुसऱ्या दिवशी फजिती पाहायला मी लवकर उठून गॅलरीत उभा राहिलो. खाली अठरा वृद्ध एका रांगेत कपालभाती करत होते, दर दुसऱ्या ठोक्याला एक, आणि एकाचाही ठोका चुकत नव्हता. माझे शिष्य तीनतालात इतके पक्के नाहीत.

अशोकराव लिफ्टमध्ये भेटले. “फार उपयोग झाला. पित्त उतरलं. याच्यापेक्षा फास्ट आहे का?”

*

नितीनची मुलगी तन्वी मोठी झाली आणि हळदी-लग्नांत संगीत वाजवू लागली. तिला लोक डीजे म्हणतात. बाकी आमच्याकडे डीजे म्हणजे टेम्पोवर चढवायची स्पीकरची भिंत. माणसालाही तोच शब्द लावतात याचे मला अजून वाईट वाटते. तासाभरात ती चाळीस गाणी वाजवते. एकही शेवटापर्यंत जात नाही.

तिने घर आवरताना बापाच्या सीडी काढल्या आणि पाखरे उडवायला भाजीच्या वाफ्यांवर दोरीने टांगल्या. मी गेलो तर वांग्यांवर ट्रान्सचा एक सबंध कालखंड लटकत होता. मी नितीनवर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, “चालू दे. पाखरं तरी अख्खी सीडी बघतात.”

पुढच्याच वर्षी ती धावत वाडीत आली. “बाबा, हे ऐक. एकदम नवीन स्टाइल आहे, सगळीकडे हीच चालू आहे.”

फोनवर वाजत होते ते आमच्या तरुणपणचे सूर, तीच करवतीसारखी धार, फक्त दीडपट वेगात आणि खाली हातोडे घातलेले. नितीनने केळीचा घड खाली ठेवला, वाफ्याकडे गेला, तिसऱ्या दोरीवरची सीडी सोडली आणि तिच्या हातात दिली.

“पुसून घे,” म्हणाला. “खाली वांगी हायेत, फवारणीचं औषध उडालंय.”

*

बापलेकीचे जुन्या-नव्यावरून रोज वाजे. ती म्हणे, “बाबा, तुझ्या ट्रॅकमध्ये पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही.”

“हायहॅटची झांज येते की.”

“तेच म्हणते मी. काहीच होत नाही.”

मी मध्ये पडलो. वाट पाहायला न शिकलेल्या कानांबद्दल चार कठोर वाक्ये बोललो. तन्वी हसून म्हणाली, “काका, तुमच्या मैफलीत नुसते तंबोरे लावण्यात अर्धा तास जातो. तिथं आम्ही चहा पिऊन येतो. ट्रॅकमध्ये चहाची सोय ठेवा, मग बघू.”

 

*

तन्वी जन्मली त्या वर्षी नितीनने एक रचना केली होती, नऊ मिनिटांची. ती चारचौघांत पूर्ण कधीच वाजली नाही. किनाऱ्यावरच्या एका कार्यक्रमात चौथ्या मिनिटाला कापली, नवरात्रात दुसऱ्या. तन्वीची हळद ठरली तेव्हा त्याने लेकीकडे एवढेच मागितले: “एकदा पूर्ण वाजू दे. तुझ्यासमोर.”

“पूर्ण म्हणजे नऊ मिनिटं? बाबा, लोक उठून जातील.”

“जाऊ देत.”

तिने शब्द दिला.

हळद दुपारची होती, दारातल्या मंडपात. यंत्रावर तन्वीसोबत कार्यक्रमांत वाजवणारा रोहित, नालासोपाऱ्याचा. रचना सुरू झाली ती नुसत्या ठोक्याने, जुन्या रिवाजाप्रमाणे. दीड मिनिट ठोकाच. खाडीकडून आलेले एक पाहुणे ओरडले, “चेकिंग झालं आसंल तं गाना लाव रं.”

लोक हसले. नितीन खांबाला टेकून उभा होता. त्याने मान वर केली नाही.

तिसऱ्या मिनिटाला रोहित वाकून मला म्हणाला, “सर, क्राउड डाउन होतोय. कट मारू?” माझे उत्तर येण्याआधीच त्याचा हात निघाला होता. आणि पाटावर बसलेली तन्वी उठली. कोपरापर्यंत हळद, मावशी मागून “अगं बस, अगं बस” करत असताना ती सरळ चालत आली आणि आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवर हात ठेवून उभी राहिली. रोहितने हात मागे घेतला.

सहाव्या मिनिटाला ठोका थांबला. उरला फक्त एक स्वर, इतका बारीक, की मंडपातल्या पंख्यांच्या घरघरीत तो विरून गेला. गाणे संपले असे समजून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मांडवाच्या मागून “पानं घेतली” अशी हाक आली आणि सगळा मंडप उठून मागे गेला. ठोक्याविना दीड मिनिट सरले आणि ठोका परतला, तेव्हा तिथे आम्ही पाचच जण होतो. डेनिस टोपी काढून उभा होता. रोहित तोंड उघडे टाकून स्पीकरकडे बघत होता. तन्वीने पट्टीवरचा हात काढला नाही. दुसरा तिने जवळ येऊन उभ्या राहिलेल्या बापाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठेवला.

आता निर्मळमध्ये घरोघर सांगतात ते असे: नितीनचे गाणे इतके रटाळ होते, की भर हळदीत पोरीने स्वतः उठून ते बंद केले आणि बाप सगळ्यांसमोर रडला. हे मी किराणा दुकानात ऐकले, देवळाच्या पायरीवर ऐकले, आणि प्रत्येक वेळी माझे डोके फिरले. तन्वीचा हात यंत्रावर होता, हे खरे. नितीन रडला, हेही खरे. पण सगळ्यांसमोर नाही, आणि गाणे बंद झाले नव्हते. सांगणारे जेवायला गेले होते.