शेजाऱ्यावरचा अर्ज आणि टोपलीतले पिल्लू

“अण्णा, आधी हे लिहा की शेजाऱ्यानंच विष घातलं,” असे म्हणून सुंदराबाईंनी वेताची टोपली थेट माझ्या कागदांवर ठेवली. आत अडीच महिन्यांचे कुत्र्याचे तपकिरी पिल्लू निपचित पडले होते.

तंजावूरच्या कचेरीसमोर मी वीस वर्षे मनु लिहितो. मनु म्हणजे सरकारदरबारी द्यायचा अर्ज. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझा मनु अपुरा ठरून परत आल्याचे उदाहरण नाही. सुंदराबाई आमच्यातल्याच, तंजावूरच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. घरात त्या आणि हे पिल्लू, एवढीच माणसे.

प्रथेप्रमाणे मी विनंतीचा प्रास्ताविक परिच्छेद लिहिला, शेजाऱ्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव नोंदवले. मग वारांकडे वळलो, कारण तक्रार वारांवर उभी राहते.

“पिल्लू केव्हा आणले?”

“शुक्रवारी.”

“खायला काय दिले?”

“गाईचं दूध, वाडगाभर. रविवारी देवळातला पोंगल, तुपानं निथळणारा. प्रसादच की तो!”

“लूज मोशन केव्हापासून?”

“सोमवार सकाळपासून. दिवसाला सात-आठ वेळा. आज पाणीसुद्धा नको म्हणतो.”

“आणि शेजाऱ्याने?”

“मंगळवारी संध्याकाळी, कुंपणावरून बिस्किट टाकलं. या डोळ्यांनी पाहिलं.”

मी पेन खाली ठेवले. “अक्का, रोग सोमवारचा, बिस्किट मंगळवारचे. हा मनु पहिल्याच टेबलावर पडेल.”

“तुम्ही त्याचे वकील का माझे?” बाई कडाडल्या.

मी टोपलीत वाकून शीळ घातली; पिल्लाचा कानही हलला नाही. ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या फिकट आणि कोरड्या. इतके जुलाब होऊन ज्याने पाणी पिणेही सोडले, त्याला अर्जाचा काय उपयोग? मी ऑटोला हाक मारली आणि लिहिलेला कागद बरोबर घेतला.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी काय झाले विचारताच सुंदराबाईंनी कुंपणापासून सुरुवात केली. मी कागद पुढे केला. डॉक्टरांनी प्रास्ताविक ओलांडून खालचे वार वाचले.

“हे ठीक आहे. लस दिली? जंतांचं औषध?”

दोन्ही नाही. शेजाऱ्याच्या वडिलांचे नाव मी विचारले होते. हे विचारले नव्हते.

डॉक्टरांनी आधी पार्वोची तपासणी केली. लस न घेतलेल्या पिल्लांना होणारा हा जीवघेणा आजार. सुदैवाने तो नव्हता. शौचात जंत सापडले, त्यात दूध आणि तूप यांची भर. सलाईन चालू झाले.

“वरचा परिच्छेद लिहायला किती वेळ लागला?” डॉक्टरांनी विचारले.

“पंधरा मिनिटे,” मी अभिमानाने सांगितले.

“एवढ्याशा पिल्लाच्या अंगातलं पाणी पंधरा मिनिटं वाट पाहत नाही, राव.”

तीन दिवस सलाईन चालले. चौथ्या दिवशी पिल्लाने मऊ भात खाल्ला. पुढच्या आठवड्यात तेच पिल्लू माझ्या मेजाखाली शिरले आणि एका जमीनधारकाच्या मनुचा कोपरा चावून गेले. शेजाऱ्याविरुद्धचा कागद सुंदराबाईंनी मागून घेतला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता लशींच्या तारखा आहेत.

आजारी जनावर घेऊन कोणी आले, तर प्रास्ताविक मी अजूनही लिहितो. फक्त ऑटो गेल्यानंतर.