महाडचा सर्व्हर आणि पोलादपूरची गाडी

बंद पडणाऱ्या यंत्राशेजारी चार वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत, ते अंगावर येतात!

महाडच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आमचा स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर होता. म्हणजे एक जुना पीसी. पोलादपूर डेपोतला नामदेव फोनच्या लाइनवरून त्याला जोडायचा आणि कुठली गाडी किती वाजता कशेडी घाटाकडे सोडली ते भरायचा. सर्व्हर सांभाळायला मी, कारण कम्प्युटरचा कोर्स केलेला मी एकटाच.

*

पहिल्या पावसाळ्यात सर्व्हर रोज अकराला क्रॅश! तीन दिवस मी स्क्रीनवर लॉग, म्हणजे सर्व्हरनं स्वतः केलेल्या नोंदी, वाचत बसलो. आमचे मालक हमीदशेठ म्हणाले, "उद्या पडला तर तू पण घरी बस."

चौथ्या दिवशी टेबलाखाली वाकलो. मुकादम गणूकाकांनी ओल लागू नये म्हणून सर्व्हरचा अख्खा डबा प्लास्टिकात गुंडाळून सुतळीनं आवळलेला! आत हवाच जाईना, तापून बंद पडत होता.

"मिठाची गोणी अशीच ठेवतो आमी," काका म्हणाले. "कधी बंद पडली नाय!"

*

सावित्री नदीचं पाणी चढलं तेव्हा सगळं सामान माळ्यावर गेलं. नंतर सगळं खाली आलं, सर्व्हर वरच राहिला. आळस माझाच. मार्चात पत्रे तापले आणि दुपारी दोनला सर्व्हर आडवा.

शेठ म्हणाले, "जेवल्यावर त्याला पण झोप येते काय रे?"

*

एका जुलैत सकाळीच बातमी आली. कशेडीत दरड कोसळली, एक ट्रक दरीत गेला. कोणाचा, ते कळेना.

आमचा ड्रायव्हर राजाराम त्याच वाटेनं जायचा होता. त्याची बायको सुगंधा तुडीलहून धावत आली. "दादा, आमचं मानूस पोलादपुरातून निघालं काय?"

सर्व्हर सुरू व्हायचा, दोन मिनिटांत पडायचा. पोलादपूरचा फोन सतत एंगेज, कारण नामदेव त्याच लाइनवरून सर्व्हरला जोडायच्या खटपटीत! त्याच्या प्रत्येक खटपटीची नोंद होऊन डिस्क गच्च भरली होती. मी जुने लॉग भराभर उडवत होतो. सुगंधा खुर्चीची पाठ धरून उभी होती. ती रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

सर्व्हर टिकला. यादी उघडली. राजारामच्या नावापुढे वेळच नाही!

तेवढ्यात नामदेवचा मेसेज आला. मी मोठ्यानं वाचला, "सर्व्हर बंद, वेळ भरता येत नव्हती. म्हणून राजारामला सकाळपासून इथंच बसवून ठेवलाय. शिव्या घालतोय. आता सोडू काय?"

सुगंधानं खुर्चीची पाठ सोडली. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यावर ओरडली,

"दादा, बंद कर ते! परत बंद कर!"