तिळगूळ घेतला, अट नाही घेतली

ग्रुपवरच्या मंडळींनो, आत्ताच दुबईत ऊद मेथातल्या घरी आमचं हळदीकुंकू झालं. पसारा तसाच टाकून हे मेल लिहितेय!

शेजारची पॅलेस्टिनी समीरा तिच्याकडे पाहुण्या आलेल्या एका ओळखीच्या आजींना घेऊन आली. आजी ज्यू. आईवडील हिटलरच्या छळछावणीत गेले, त्या एकट्या वाचल्या. तेव्हापासून कुठेही अन्याय दिसला की या हजर! पॅलेस्टाइनमध्ये समीराच्या मामाचं घर पाडायला इस्रायली बुलडोझर आला, तर त्याच्यासमोर बसल्या.

आमच्या ह्यांनी मला आधीच बजावलेलं, "पॉलिटिक्स अजिबात नको. नाहीतर व्हिसा खलास!" आणि बायका जमल्या म्हणून स्वतः आतल्या खोलीत.

मी लाडू दिला. पाक पुढे गेल्याने दगडच झालेला. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हटलं आणि इंग्रजीत अर्थ सांगितला.

आजींनी लाडू कडाकडा चावून खाल्ला. म्हणाल्या, "आणखी एक दे. पण गोड बोलणं जमणार नाही. आम्हाला छावणीत नेईपर्यंत आमचे सगळे शेजारी गोडच बोलत होते."

 समीराने आजींचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात आतून सगळं ऐकत असलेले हे बाहेर आले आणि अख्खा डबा आजींपुढे धरला. "घ्या आजी. आणि अशाच बोला!"

काय हसलो सगळ्या!

खरं सांगा, तुम्ही काय म्हणाला असता?